हात तर फिरतो, पण गातो का?

बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली असे परंपरा सांगते. त्यांतले एक निरोष्ठ आहे, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता यावे असे. प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यात बाद. आणि म बाद झाला की रामायण लिहिणाऱ्याची पंचाईत होते, कारण 'राम' हे नावच घेता येत नाही. नायकाचे नाव न घेता त्याची कथा वृत्तात बसवायची, हा हट्ट कशासाठी? भक्तीसाठी, की भाषेवरची हुकमत दाखवण्यासाठी? पंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यामागे मराठी रसिकांत हा वाद चालतच आला आहे. एक पक्ष म्हणतो, एवढी ताकद दुसऱ्या कुणात होती ते दाखवा. दुसरा म्हणतो, ताकद कबूल, पण हे काव्य आहे की आखाडा? गंमत अशी की दुसऱ्या पक्षातले लोकही 'केकावली'पाशी येऊन नरमतात. उतारवयात पंतांनी देवाला घातलेली ती आर्त हाक. यमक-अनुप्रास तिथेही आहेत, वृत्तही पृथ्वीसारखे वळायला कठीण, पण वाचताना लक्ष त्यांच्याकडे जात नाही.

हाच वाद गेली पन्नास वर्षे गिटारवाल्यांच्या जगात चालू आहे, त्यातही फ्यूजन वाजवणाऱ्यांच्या. फ्यूजन म्हणजे आधी जॅझ आणि रॉक यांचे लग्न. माइल्स डेव्हिस या अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या १९६९-७० च्या तबकड्यांपासून त्याची सुरुवात धरतात. पुढे त्यात आपले रागसंगीतही आले. या मंडळींची बोटे नुसती पाहिली तरी माणूस थक्क होतो. मेट्रोनोमचे मिनिटाला २०० ठोके आणि दर ठोक्याला चार सूर, हा वेगवान गिटारवादकांच्या रियाजातला नेहमीचा पल्ला. हिशेब केला तर सेकंदाला तेराहून जास्त सूर होतात. साधारण दहा-बाराच्या पुढे आपला कान एकेक सूर वेगळा धरायचे सोडून देतो. त्याला कळते ते एवढेच, की सुरांची लड वर गेली, खाली आली, गरगर फिरली. त्या वेगात वादकाकडून मधला एखादा सूर चुकला तर बहुतेकांना पत्ता लागणार नाही, आणि अचूक आला तरी लागणार नाही. वादकाची मेहनत दहा वर्षांची, आणि ऐकणाऱ्याच्या पदरात धुरळा.

आपल्याकडे रागसंगीतात यासाठी 'तयारी' असा शब्द आहे. 'तयार आहे' ही शाबासकीही असते आणि म्हणणाऱ्याच्या आवाजावरून तक्रारही. सतारीच्या, सरोदच्या मैफलीनंतर जुने जाणते श्रोते 'हात छान फिरतो' म्हणून थांबले, तर वादकाने समजून घ्यावे. खरी पावती 'वाद्य गात होते' ही. आपल्या वाद्यसंगीतात गायकी अंग आणि तंतकारी अंग असे दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. पहिल्यात वाद्य गळ्याच्या मागे जाते, दुसऱ्यात तारेचे आणि आघाताचे जे खास आहे ते खुलवले जाते. दोन्ही मान्य. म्हणजे बोटांनी काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे गिटार यायच्या कितीतरी आधीपासून विचारला जात होता.

वामनराव देशपांड्यांनी १९६१ च्या 'घरंदाज गायकी'त घराणी मोजायला स्वर आणि लय अशी दोन टोके धरली. स्वरात रमणारे किराणा घराणे एका अंगाला, लयीवर जोर देणारे आग्रा दुसऱ्या अंगाला, आणि दोन्हींचा तोल राखणारे म्हणून जयपूर मध्ये. सगळ्यांना ही मांडणी पटली असे नाही. पण तिच्यातून एक गोष्ट निघते ती पक्की आहे : ज्यात लय नाही असे घराणे नाही आणि ज्यात स्वर नाही असेही नाही. फरक प्रमाणाचा. म्हणून 'वेगवान म्हणजे उथळ आणि संथ म्हणजे सखोल' हे समीकरण मी मानत नाही. संथ वाजवूनही कंटाळा आणता येतो. त्याची उदाहरणे दर हंगामात मिळतात.

मग वेगाची तक्रार फ्यूजनमध्येच एवढी का होते? त्याचे कारण वादकांच्या अहंकारात शोधतात. थोडे असेलही. मला ते जास्त करून वाद्याच्या आणि दोन पद्धतींच्या घडणीत दिसते.

गिटारच्या दांडीवर पडदे ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा समान भाग, एक पडदा म्हणजे अर्धा सूर. त्या दोन पडद्यांच्या मधल्या जागेत आपल्या रागांचा निम्मा संसार. दरबारीचा कोमल गंधार एका बिंदूवर उभाच राहत नाही, झुलतो. मींड म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता जाणे. सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, तार आडवी ओढून एकाच पडद्यावर चार-पाच सूर वर जाता येते. साध्या गिटारवर तार ओढून एक-दीड सूर चढतो, फार तर दोन. हार्मोनियमबद्दलही हीच तक्रार होती आणि आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे त्या पेटीला दार बंद ठेवले होते. तर गिटारवादक रागाच्या घरी आला की त्याला पहिला धक्का इथे बसतो : मींड निघत नाही.

दुसरा धक्का उलट बाजूने. गिटारची पाश्चात्त्य विद्या कॉर्डची. तीन-चार सूर एकत्र वाजवायचे आणि दर काही मात्रांनी तो जुडगा बदलायचा. कॉर्ड बदलला की सुरांची नाती बदलतात. सा-ग-प या कॉर्डवर ग हा गंधारच असतो. खाली ध-सा-ग असा कॉर्ड आला की तोच ग पंचमासारखा वाजू लागतो. रागाला हे चालत नाही. तिथे षड्ज एकच, तानपुऱ्यात अखंड वाजणारा, आणि गंधाराने गंधारासारखेच वागायचे. म्हणजे गिटारवादकाने वीस वर्षे कमावलेली कॉर्डविद्या रागात आणली तर राग मोडतो, आणि रागवाल्याची मींड गिटारच्या पडद्यांवर आणली तर ठेचकाळते. दोघांनी आपापली सगळ्यांत मोलाची वस्तू दाराबाहेर ठेवली की दोघांत सामाईक काय उरते? लय. मात्रा मोजणे. सवाल-जवाब, तिहाई, समेवर एकत्र येऊन पडणे. तीनदा तोच तुकडा वाजवून नेमके समेवर उतरले की न्यू यॉर्कचा श्रोताही खुर्चीतून उठतो आणि पुण्याचाही. राग समजायची गरज नाही, कॉर्ड समजायची गरज नाही. म्हणून फ्यूजनची गाडी घसरते ती नेहमी याच उतारावरून. जे जुळवायला सोपे ते वाढत जाते आणि अर्ध्या तासाने मंचावर फक्त मोजणी उरते.

हे प्रकरण दूरदेशीचे वाटत असेल तर बारामतीहून इंदापूरला जाताना लग्नसराईत एखादी वरात लागली की गाडी बाजूला घ्यावी. टेम्पोवर जनरेटर, भोंगे, ऑक्टोपॅड, शेजारी हलगी-ताशा, आणि मध्ये मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली एक लांबट पेटी. बेंजो. अमेरिकेच्या बँजोशी याचे नाते नावापुरते. हे वाद्य जपानी : नागोयाच्या गोरो मोरिता याने १९१२ मध्ये तैशोगोतो या नावाने काढलेले. भारतात ते बुलबुल तरंग झाले आणि आपल्या गावांकडे बेंजो. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये याच नावाचा हिंदी चित्रपट काढला तेव्हा शहरी लोकांना त्याची ओळख झाली. खेड्यांत ती आधीच होती. जपानी पेटीवर गवळण, कोळीगीत आणि हिंदी सिनेमाची गाणी वाजतात, तीही विजेवर. यापेक्षा अस्सल फ्यूजन आणखी कोणते!

बेंजो जवळून पाहा. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणे. बटण दाबले की आतली पट्टी तारेवर बसते आणि तार तेवढीच आखूड होते. उजव्या हातात नखी. म्हणजे गिटारचा पडदा निदान बोटाखाली तरी असतो, इथे बोट आणि तार यांची भेटच होत नाही. मींड काढायला जागा नाही. शिवाय उघड्यावर, ताशाच्या गजरात, एकदा छेडलेली तार क्षणात विझते. सूर लांबवायचा तर नखी सारखी मागेपुढे चालवून तो जिवंत ठेवावा लागतो. वाद्याने सगळे रस्ते बंद केले आणि वेगाचा एकच उघडा ठेवला. त्यामुळे सुमार बेंजोवाला पहिल्या कडव्यापासून बटणांवर नुसता धावत असतो. चांगला वाजवणारा काय करतो ते ऐकण्यासारखे असते. मुख्य सुराआधी तो शेजारचे बटण ओझरते दाबतो, कणस्वर लागतो आणि मींडेचा भास होतो. गाण्यात गायकाने जिथे श्वास घेतला असेल तिथे तो नखी थांबवतो. त्या रिकाम्या जागेत हलगी बोलते. नाचणारे पुढच्या ओळीची वाट पाहतात आणि ओळ आली की उसळतात. या माणसांची नावे कुठल्याही नियतकालिकात छापून येत नाहीत.

मोठ्या मंचावर याच अडचणीशी सगळ्यांत चिवटपणे झगडलेला माणूस म्हणजे जॉन मॅकलॉफ्लिन. जन्म १९४२ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. माइल्स डेव्हिसच्या त्या तबकड्यांत गिटार त्याचीच. १९७१ मध्ये त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा काढला. दोन दांड्यांची इलेक्ट्रिक गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज आणि विजेसारखा हात. तेव्हाच्या तरुण गिटारवादकांनी आपापल्या खोल्यांत कोंडून घेऊन सराव सुरू केला तो या माणसाला ऐकून. वेगाचे जे वेड आज दिसते त्याचा बराचसा उगम इथला. हा तसाच वाजवत राहिला असता तर कुणी काही म्हटले नसते, आणि पैसाही होता.

त्याने उलटे केले. अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे तो वीणा शिकायला बसला. विजेची गिटार खाली ठेवली आणि साधी, लाकडी पोटाची गिटार घेतली. सोबतीला माहीमचे झाकिर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम. पहिल्या तबकडीत मृदंगमवर रामनाड राघवनही आहेत. या चमूचे नाव शक्ती. ५ जुलै १९७५ रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या साउदॅम्प्टन कॉलेजात त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि १९७६ मध्ये तो तबकडीवर आला.

त्या गिटारची गोष्ट सांगितलीच पाहिजे. एब्राहम वेक्टर नावाच्या कारागिराने ती घडवली. तिच्या पोटावरून तिरप्या सात जादा तारा नेल्या होत्या, सतारीच्या तरफांसारख्या, मुख्य सूर लागला की आपोआप झंकारणाऱ्या. आणि दांडीवर दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केले होते. त्याने काय होते? नेहमीच्या गिटारवर बोट तार दाबते आणि खालच्या लाकडाला टेकते. कोरलेल्या दांडीवर बोटाखाली लाकूडच नसते. तार बोटाच्या पेरावर तरंगते. दाब किंचित वाढवला की सूर चढतो, आडवे ओढायलाही अडसर नाही. वीणेवर गमक निघते ते अशाच मोकळ्या जागेत. जगातल्या अतिवेगवान गिटारवादकांपैकी एकाने वाद्य मुद्दाम बदलून घेतले, आणि ते दोन सुरांच्या मध्ये हळूहळू जाता यावे म्हणून. अशा दांडीवर हात जपून चालवावा लागतो, जरा जोरात दाबले तरी सूर बेसूर होतो. माझ्या मते फ्यूजन गिटारच्या इतिहासातले सगळ्यांत मोठे तांत्रिक पाऊल हे आहे. बोटांच्या वेगाची कौतुके त्यानंतर.

ती पहिली तबकडी ऐकली की आपला प्रश्न समोर उलगडून ठेवलेला दिसतो. सुरुवातीचा 'जॉय' अठरा मिनिटांचा. गिटार आणि व्हायोलिन सुसाट निघतात, मागे तबला आणि घटम. थरार आहे, नाकारत नाही. त्याच्या पाठोपाठ 'लोटस फीट' येतो, पाच मिनिटांचाही नाही. चाल इतकी सोपी की गिटार शिकायला लागून वर्ष झालेल्या मुलाला तिचे सूर वाजवता यावेत. सूर वाजवता येतील, एवढेच. प्रत्येक सूर कुठे सोडायचा, त्याची शेपटी किती लांब ठेवायची, व्हायोलिन आत आले की आपण किती मागे सरायचे, यातच तिचा सगळा जीव. आणि अनेक वर्षांनी, नव्या संचात, हे वादक मंचावर पुन्हा पुन्हा वाजवत राहिले ती हीच चाल.

शक्तीला महाविष्णूइतका खप कधी मिळाला नाही. तीन तबकड्यांनंतर चमू विखुरला. १९९७ मध्ये 'रिमेंबर शक्ती' म्हणून पुन्हा जमला. त्यात मँडोलिनवर यू. श्रीनिवास होते, ज्यांनी पडद्यांच्या त्या एवढ्याशा वाद्यातून कर्नाटकी गमक काढून दाखवली. आपल्या चेंबूरचे शंकर महादेवनही त्यात आले. गळा आला आणि चमूची चाल बदलली. गायकाला श्वास घ्यावा लागतो, तेव्हा वादकांनाही थांबावे लागले. २००१ ची 'सॅटरडे नाइट इन बॉम्बे' ही तबकडी मुंबईच्या श्रोत्यांसमोर घेतलेली. २०२३ च्या 'धिस मोमेंट'ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले.

शक्तीच्या त्या पहिल्या तबकडीच्या अगदी समोर ठेवावी अशी दुसरी तबकडी आहे. मॅकलॉफ्लिन, अल डि मिओला आणि स्पेनचे पाको दे लुसिया या तिघांचा, ५ डिसेंबर १९८० चा सॅन फ्रान्सिस्कोचा कार्यक्रम. नुसत्या तीन लाकडी गिटारी. गिटार शिकणाऱ्या दोन पिढ्यांनी ती पारायणे करून ऐकली. ऐकताना एक गंमत करा, टाळ्या आणि आरोळ्या कुठे पडतात ते पाहा. लड संपली की पडतात. दुसऱ्याने तीच लड आणखी जोरात मारली की जास्त पडतात. सुरेख वळण घेऊन कुणी एका सुरावर विसावला तर शांतता. श्रोत्यांनी काय मागितले ते या शिट्ट्यांत लेखी नोंदल्यासारखे आहे, आणि वादकांनी ते पुरवले. मी ती दोनदा श्वास रोखून ऐकतो. तिसऱ्यांदा मात्र मधूनमधून पुढे सरकवतो.

पडद्यांची अडचण मुळातून टाळणारा रस्ता आपल्याकडे आधीच सापडला होता : गिटार आडवी मांडीवर घ्यायची, पडद्यांकडे दुर्लक्ष करायचे आणि तारेवरून लोखंडी कांडी फिरवायची. ही हवाईची पद्धत. हवाईचे कलावंत टाउ मो हे १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले, आणि अशा लोकांकडून ती आपल्या सिनेमात आणि मैफलीत शिरली. ब्रिजभूषण काब्रांनी अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून या गिटारवर राग मांडला. त्यांची, शिवकुमार शर्मांच्या संतूरची आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' तबकडी आजही घराघरांत आहे. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस, पहाटेच्या अहीर भैरवपासून पुढे वेळेच्या रागांनी सरकणारा. तबल्यावर माणिकराव पोपटकर. आणि ही कल्पना एचएमव्हीत उभी करणारे जी. एन. जोशी म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. तीन मिनिटांच्या तबकडीत भाव बसवण्याची ज्यांची हयात गेली, त्यांना वाद्यांचा पसारा कुठे आवरायचा हे कळत असणारच. या तबकडीत गिटार कुठेही धावून दाखवत नाही. कांडीवर स्वच्छ, तुटक सूर भरधाव काढणे मुळात जिकिरीचे. वाद्याने वेगाचा रस्ता अरुंद केला आणि मींडेचा रुंद. बेंजोच्या अगदी उलट.

विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर यांची १९९३ ची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' याच कांडीची. ध्वनिमुद्रणाआधी तासभरही दोघांची ओळख नव्हती, तालीम नव्हती. अनोळखी माणसे भेटली की खरे तर शर्यत लागायची. इथे दोघे एकमेकांना चाचपत, वाट देत वाजवतात. १९९४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले.

तिसरा रस्ता काढणारा माणूस आपल्या जवळचा होता आणि आपणच त्याला विसरलो. अमान्सिओ डिसिल्वा. गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला जॅझ गिटारवादक. तो लंडनला गेला आणि १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' आणि, सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर, 'हम दोनो' अशा दोन तबकड्या त्याने दिल्या. शक्तीच्या सहा वर्षे आधी. राग आणि जॅझ यांची जुळणी तो फार घासत बसला नाही. दोन्हीकडच्या वळणांची नवी चाल रचायची आणि ती गुणगुणता येईल अशीच ठेवायची, असा त्याचा साधा बेत. त्याच्या गिटारला वेग कमी नव्हता, पण चाल आधी आणि हात नंतर. १९९६ मध्ये तो लंडनलाच वारला. गोवा-मुंबईच्या वाद्यवृंदांतल्या गोवेकरांवर आता पुष्कळ लिहिले जाते, त्यात याचे नाव क्वचित येते. हे बरे नाही.

वेगाची बाजू घ्यायची तर मी आषाढात तुकोबांच्या पालखीमागे बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर जाईन. पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला पहिले गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी आणि इंदापूर. दिंडीतला मृदंगी पाहावा. गळ्यात मृदंग, पायात पावली, भोवती टाळकरी. अभंग ठाय लयीत सुरू होतो, भजनी ठेका आठ मात्रांचा. गजर आला की लय चढते, बोल दुप्पट होतात, मृदंगी उड्या घेऊ लागतो. वेग इथेही आहे आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण या वेगाला लगाम आहे, तो पायांचा. त्याने लय फार पुढे ओढली तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या वारकऱ्याची पावली चुकते, टाळ फुटतात आणि गजर विस्कटतो. म्हणून तो नजर वर ठेवून वाजवतो, टाळांकडे आणि पायांकडे. हात त्याचा गिटारवाल्यापेक्षा कमी तयार नसतो. फक्त किती धावायचे हे ठरवायला तो एकटा नसतो.

आता गिटार घेऊन बसलेल्या मुलांसाठी चार शब्द. बारामतीतही आता मोबाइलवर जगभरचे शिक्षक घरी येतात, त्यामुळे तंत्राची टंचाई राहिलेली नाही. पंधरा-सोळाची मुले जे वाजवतात ते आमच्या वेळी शहरातले नावाजलेले वादक वाजवत नव्हते. त्यांना 'वेग सोडा, भाव आणा' असा उपदेश करणारे भेटतात, त्यांचे फार ऐकू नये. भाव बोटांतूनच येतो आणि बोटे अडखळत असतील तर तोही अडखळतो. 'केकावली' लिहिणाऱ्या हाताने आधी हजारो आर्या लिहिल्या होत्या. कोरलेल्या दांडीवर सूर न ढळू देणारा हातही महाविष्णूच्या तालमीतूनच आलेला.

पण दोन तपासण्या करत जाव्यात, दोन्ही फुकट आहेत. पहिली जुन्या उस्तादांची : जे वाजवले ते गाऊन दाखव. आवाज कसाही असो. लडीतला प्रत्येक सूर नव्हे, पण तिचा आराखडा, ठहराव, समेवर येण्याची वाट गाता आली पाहिजे. गाता आली नाही तर ती लड बोटांच्या सवयीने वाजली, डोक्यात चाल नव्हती. दुसरी नव्या काळातली : आपलेच वादन मुद्रित करून निम्म्या वेगाने ऐकायचे. चांगली तान निम्म्या वेगातही तान राहते, तिला चढण, वळण आणि मुक्काम असतो. वाईट लड निम्म्या वेगात उघडी पडते, वर-खाली, वर-खाली, जिन्यावर खेळणाऱ्या पोरांसारखी. ही तपासणी मोठ्या नावांनाही लावून पाहा. काही नावे टिकतात, काहींची गंमत होते.

आणि श्रोत्यांनीही टाळ्यांची जागा जरा बदलावी. स्नेहसंमेलनात मुलगा गिटार वाजवत असेल तर लड संपायची वाट न पाहता, एखादा सूर नीट लागला तिथे दाद द्या. मुलगा काय वाजवायचे ते तुमच्या टाळ्यांवरून शिकत असतो. तुमचे कान तयार करायचे असतील तर शक्तीची पहिली तबकडी मोबाइलवर सहज मिळते. 'जॉय' पहिला आहे आणि 'लोटस फीट' दुसरा. तुम्ही दुसरा आधी ऐका.